बंद गाडीतले धडे

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना त्यांच्या पाठीमागे सगळे 'हळूमास्तर' म्हणायचे. बावीस वर्षं शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांनी जगाला एकच गोष्ट सांगितली होती, ती म्हणजे 'हळू'. शिवाय त्यांच्या पायाशी जास्तीचा ब्रेक आणि क्लच असल्यामुळे जगाला ती ऐकावीच लागे.

पेट्रोल पहिल्यांदा महागलं तेव्हा मास्तर म्हणाले, उतरेल. दुसऱ्यांदा महागलं तेव्हा म्हणाले, आता तरी उतरेल. तिसऱ्यांदा महागलं तेव्हा त्यांनी गाडीची डिकी रिकामी केली. फी वाढवायची सोय नव्हती, कारण चौकातच दुसऱ्या एकानं नवीकोरी गाडी घेऊन क्लास उघडला होता आणि तो मास्तरांच्या विद्यार्थ्यांकडे पाहून फार गोड हसायचा. मग वजन कमी करणं आलं. पाण्याचा कॅन गेला, पायपुसणी गेली, आरशाला टांगलेली प्लास्टिकची बाहुलीसुद्धा गेली. विद्यार्थ्यांनी आपल्या बॅगा ऑफिसात ठेवून यायचं ठरलं. एका अंगानं भरलेल्या गृहस्थाकडे मास्तर दोन दिवस इतक्या विचारात पडून बघत होते, की त्यानं तिसऱ्या दिवशी आपणहून क्लास सोडला.

एवढं करूनही पेट्रोलचा काटा खाली जायचा तो जायचाच. तेव्हा मास्तरांनी बंद गाडीत शिकवायला सुरुवात केली. याला ते 'पाया' म्हणत. पहिले पाच दिवस पाया, म्हणजे गाडी जागची हलायची नाही, किल्ली मास्तरांच्या खिशात, आणि इंजिनाचा आवाज मास्तरांच्या तोंडून. आवाज काढण्यात त्यांचा हात, किंवा खरं तर गळा, कुणी धरू शकत नव्हतं. न्यूट्रलला ते मांजरासारखे गुरगुरत, पहिल्या गिअरला छातीतून घुमत, दुसऱ्याला थोडे मोकळे होत आणि तिसऱ्याला लांब सुरात लागत. कुणी क्लच एकदम सोडला तर 'ठप्' असा आवाज काढून ते स्वतःच मानेला असा हिसका देत, की शिकणाऱ्याचीही मान आपोआप पुढे जाई. लोक हसत, पण शिकत. सहाव्या दिवसापासून मास्तर खरी किल्ली लावत आणि गाडी बऱ्यापैकी चाले.

सगळं नीट चाललं असतं, पण मास्तरांच्या बायकोला गाडी शिकायची वेळ आली.

त्या नर्स होत्या. हॉस्पिटलात त्यांना सगळे सिस्टर म्हणत, आणि हळूहळू घरात आणि बिल्डिंगमध्येही तेच नाव पडलं होतं. अठरा वर्षं वॉर्डात उभं राहून त्यांच्या पायांवर सूज यायला लागली होती. रात्रपाळीहून आल्या की त्या अर्धा तास बादलीत पाय बुडवून बसत. त्यातच आरोग्य केंद्रात एक जागा निघाली. दिवसा घरोघर जाऊन रोग्यांना बघायचं, रात्रपाळी नाही, गाडी केंद्राची, पेट्रोलही केंद्राचं. हे शेवटचं ऐकून मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले होते. अट एकच होती: महिनाअखेरीला हातात लायसन्स हवं. परीक्षेची तारीख मिळाली ती अठ्ठावीस, आणि त्या महिन्यात दुसरी तारीख शिल्लक नव्हती. म्हणजे अठ्ठावीसला पास व्हायचं, नाहीतर पुन्हा वॉर्ड आणि पुन्हा बादली.

त्याच आठवड्यात पेट्रोल चौथ्यांदा महागलं.

मास्तरांचं बायकोवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. पण फी न देणारी विद्यार्थिनी आणि हे असले भाव, यांचा मेळ त्यांना काही केल्या बसेना. शेवटी त्यांनी सिस्टरना समजावलं की घरच्या माणसाचा पाया परक्यापेक्षा पक्का हवा. बाकीच्यांना पाच दिवस, तुला एकवीस. मग शेवटचे दोन दिवस मनसोक्त चालव. सिस्टरनी त्यांच्याकडे तापाचा आकडा न पटल्यासारखं पाहिलं, पण रोज संध्याकाळी चप्पल काढून त्या बिल्डिंगखाली गाडीत जाऊन बसू लागल्या.

मागच्या सीटवर मास्तरांच्या आई असत. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांत फरक असतो, तर सुनेला भरलेल्या गाडीची सवय व्हावी, म्हणून मास्तरांनीच त्यांना बसवलं होतं. गाडी हलतच नाही तर वजनाचा उपयोग काय, हे त्यांना कुणी विचारलं नाही. आई मात्र मनापासून प्रवास करत. दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरून त्या सारखं सांगत राहत, की समोर भिंत आहे, जपून. ती भिंत एकवीस दिवस तिथंच होती आणि तसूभरही जवळ आली नाही, पण आईंची काळजी काही कमी झाली नाही.

"आज कुठवर गेलो आपण?" धडा संपला की सिस्टर विचारत.

"चौकापर्यंत तरी गेलो असू," मास्तर घसा खाकरून सांगत.

"मग भाजी आणायची की हो राहून गेली."

असं म्हणून त्या उतरून पायी चौकात जात.

पण सिस्टरचा कान तयार होता. छातीला नळी लावून श्वासातली घरघर ओळखणाऱ्या बाईला नवऱ्याच्या गळ्यातला दुसरा गिअर ओळखायला किती वेळ लागणार? दहाव्या दिवशी त्यांचा पाय मास्तरांच्या आवाजाबरोबर वर-खाली होऊ लागला. पंधराव्या दिवशी मास्तरांना हिसका द्यायची गरज उरली नाही. एकदा त्यांना मधेच शिंक आली, तर सिस्टरनी पटकन गिअर खाली घेतला.

सव्वीस तारखेला खरी किल्ली लागली. गाडी छान चालली. मास्तर सवयीनं शेजारी बसून घुमतच होते, आणि सिस्टरचा कान इंजिनाकडे नसून त्यांच्याकडे आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. उलट ते इतके खूश झाले, की सत्तावीसचं पेट्रोल त्यांनी फी देणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या धड्यांत वापरून टाकलं. संध्याकाळी सिस्टर खाली आल्या तेव्हा काटा तळाला टेकला होता. मास्तर म्हणाले, अगं, उद्यापुरतं आहे, तू तयार आहेस. सिस्टर तशाच मागं वळल्या. वर जाऊन त्यांनी बादली भरली. त्या पाण्याचा आवाज ऐकताना मास्तरांनी खिशातली किल्ली काढून पाहिली आणि परत ठेवली.

परीक्षेच्या मैदानावर आईही आल्या होत्या. सुनेला ज्या वजनाची सवय आहे ते मागं नको का, असं म्हणून त्या गाडीचं मागचं दार उघडू लागल्या. परीक्षक साहेबांनी त्यांना अदबीनं पण ठामपणे बाहेर काढलं. मास्तर आणि त्यांच्या आई मैदानाभोवतीच्या दोरीच्या अलीकडे उभे राहिले. मास्तरांच्या रोजच्या जागी साहेब बसले, काचा वर झाल्या. गाडी तीनदा बंद पडली की नापास, एवढा नियम मास्तरांना तोंडपाठ होता.

पहिल्यांदा गाडी जागच्या जागी बंद पडली. दुसऱ्यांदा चार हात जाऊन बंद पडली.

मास्तरांना सगळं एका क्षणात कळलं. आत इंजिन चालू होतं, पण साहेब गप्प होते, आणि सिस्टरचा पाय शेजारच्या माणसानं घुमायची वाट बघत होता. मग आपण कुठं उभे आहोत हे विसरून मास्तर दोरीच्या अलीकडूनच पहिला गिअर घुमू लागले. रांगेतले लोक बाजूला सरकले. एका बाईंनी आईंना हळूच विचारलं, यांना काही होतंय का? आईंनी सांगितलं, तो शिकवतोय.

काचांमधून आवाज जाणं शक्यच नव्हतं. पण तिसऱ्यांदा किल्ली फिरवण्याआधी सिस्टरनी डोळे मिटले, ओठांचा चंबू केला आणि त्यांचे गाल फुगले. मास्तरांनी ते पन्नास पावलांवरून ओळखलं. गाडी लोण्यासारखी सुटली. ओठ थोडे उघडले तसा दुसरा गिअर पडला. चढावर गाडी थांबली. तिथं भलेभले मागं घसरतात. सिस्टरची हनुवटी खाली गेली, गळ्याची शीर ताठ झाली आणि गाडी एक बोटही मागं न जाता वर चढून गेली. साहेब पूर्ण वेळ समोर न बघता त्यांच्याकडेच बघत होते.

गाडी परत आल्यावर साहेब उतरले आणि कागदावर बराच वेळ काहीतरी वाचत राहिले.

"बाई, गाडीला स्वतःचा आवाज आहे," ते म्हणाले.

"असेल, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "पण माझी तिची अजून ओळख नाही. एकवीस दिवस यांनी गाडी बंद ठेवून तोंडानं चालवली."

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. बावीस वर्षांत हजारभर माणसं त्यांनी याच मैदानावर आणली होती, पण दोरीच्या अलीकडे इतकं बारीक होऊन ते कधी उभे राहिले नव्हते. त्यांनी खालच्या आवाजात कबूल केलं, की पेट्रोल वाचवायला गेलो आणि चूक माझी आहे, तिची नाही. साहेब म्हणाले, गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा नाही. आणि तोंड बंद ठेवून गाडी चालवावी असं नियमात कुठंच लिहिलेलं नाही. एवढं बोलून त्यांनी सही केली आणि मान वळवून पुढच्या माणसाला बोलावलं. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

मास्तर ड्रायव्हरच्या दाराकडे गेले तर सिस्टर तिथं आधीच बसल्या होत्या. मास्तर शेजारी बसले, आई मागं. मैदानाच्या फाटकातून घर डावीकडे होतं. सिस्टरनी गाडी उजवीकडे घेतली.

"अगं, काटा बघ," मास्तर म्हणाले.

"वाटेत पंप आहे. आज टाकी भरायची," सिस्टर म्हणाल्या. "आणि तुम्ही तोंड उघडायचं नाही. मला गाडीचं ऐकायचंय."

टाकी भरली. मास्तरांनी पंपाच्या फलकाकडे पाठ करून पैसे दिले. त्यानंतर गाडी हॉस्पिटलावरून गेली, नदीवरच्या पुलावरून गेली, आणि पलीकडे नवीन घरांच्या वस्तीतल्या लांबलचक सरळ रस्त्याला लागली. मास्तर दोन्ही हात गुडघ्यांत दाबून, ओठ घट्ट मिटून बसले होते. काटा हलला की त्यांचा जीव हलत होता. सिस्टरनी तिसरा गिअर टाकला, मान जराशी कलती केली आणि वॉर्डातल्या रोग्याच्या छातीला नळी लावून ऐकावं तसं बराच वेळ ऐकलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचा तिसरा जरा वरच्या पट्टीत लागतो. गाडीचा खाली आहे."

मास्तरांनी कान दिला. बाई खरं बोलत होती.