रोवण्याचे बारा दिवस

११ सप्टेंबर १९८२, शनिवार. रक्कम एक हजार सहाशे ऐंशी रुपये. हजर: प्राचार्य, संस्थेचे सचिव, मी, आणि दाराजवळच्या खुर्चीवर नर्सबाई. बैठकीच्या नोंदवहीत उपस्थितांमध्ये नर्सबाई नाहीत. त्यांना माहिती देण्यापुरतं बोलावलं होतं, म्हणून धरलं नाही. नोंदवही मीच लिहीत होतो.

रक्कम तुटीची होती. आमच्या कॉलेजात दोन वर्षांपासून आरोग्याचा एक प्रमाणपत्र वर्ग चालत असे. आठवी पास बायांसाठी, वर्षभराचा, आठवड्यातून तीन दिवस, दुपारी तीन ते पाच. ताप मोजणं, जखम बांधणं, हगवणीत मीठ-साखरेचं पाणी देणं, बाळंतिणीची स्वच्छता, आहार, थोडा व्यायाम. जागा तीस, आणि त्या वर्षी नावं सात. फी प्रत्येकी साठ, म्हणजे जमा चारशे वीस. खर्च नर्सबाईंचं मानधन महिन्याला एकशे ऐंशीप्रमाणे दहा महिन्यांचं अठराशे, कापूस-पट्ट्या-तक्ते यांचे तीनशे. उरलेलं संस्थेनं भरायचं.

मी वाणिज्य शिकवत असे आणि कॉलेजचे हिशेबही माझ्याकडे असत. वर्ग ठेवायचा की बंद करायचा, याचा अहवाल मला करायला सांगितला होता. सचिवांची तुमसरला राईस मिल आणि सानगडीकडे धानाची शेती. माणूस आडमुठा नव्हता. त्यांनी अट सरळ घातली होती. सरासरी हजेरी पाच किंवा वर असेल तर यंदाच्या बायांची परीक्षा होईपर्यंत तूट ते सोसतील. पाचच्या खाली असेल तर महिनाअखेर वर्ग बंद.

"आकडा तुमी द्या, प्रोफेसर," ते म्हणाले होते. "मी तुमच्या आकड्यावर सही करतो."

बंद झाल्यानं कोणाचं काय जाणार होतं, तेही मला माहीत होतं. सातांपैकी एक बाई सानगडीजवळच्या खेड्यातली, बौद्ध घरातली, नवऱ्यानं टाकलेली, पदरी चार वर्षांची मुलगी. तुमसरच्या एका डॉक्टरांनी तिला चिठ्ठी दिली होती की प्रमाणपत्र आणलंस तर मे महिन्यापासून दवाखान्यात मदतनीस म्हणून घेतो, महिना दीडशे आणि मागच्या अंगाला राहायला एक खोली. ती चिठ्ठी तिनं प्रवेशअर्जाला टाचणीनं लावून दिली होती. अर्ज माझ्याच कपाटात होता. बाकीच्या सहा जणी घरच्या संमतीनं, हौसेनं किंवा नर्सबाईंच्या आग्रहानं आल्या होत्या. हिला मात्र तो कागद हवाच होता.

एक जुलैपासून दहा सप्टेंबरपर्यंत वर्गाचे दिवस तीस. हजेरीपत्रकातल्या हजेऱ्या एकूण एकशे सतरा. भागाकार तीन पूर्णांक नऊ. पण हजेरीपत्रक उघडलं की कोणालाही दिसलं असतं, अठरा दिवसांवर सहा-सात हजेऱ्या भरलेल्या आणि मधले बारा दिवस कोरे. हे बारा दिवस रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे. आमच्याकडे त्या चार आठवड्यांत बाईमाणूस घरात सापडत नाही. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून चिखलात रोवायचे ते दिवस पुढे ढकलता येत नाहीत.

कोरे दिवस का, असं मी नर्सबाईंना बैठकीत विचारलं. त्या पन्नाशीच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, बोलायला सावकाश.

"वर्ग झाला सर, बाराही दिवस झाला," त्या म्हणाल्या. "बाया येऊ शकत नोहत्या, मंग मीच गेली. जेवणाच्या सुट्टीत धुऱ्यावर बसून शिकवलं."

"कोणाच्या शेताच्या धुऱ्यावर?"

त्यांनी सचिवांकडे पाहिलं. सचिव हसले.

"माह्याच बांधीत होत्या त्या. मले माहीत हाय. सिस्टर, माह्या जागेत शाळा भरवली तर भाडं द्या लागते."

"दिलं ना, शेठ. तुमच्या दिवाणजीच्या पायाच्या चिखल्या मीच बऱ्या केल्या."

प्राचार्यही हसले. मग त्यांनी विचारलं, "मग हजेरी का नाही घेतली, बाई?"

"घेतली. पण हजेरीपत्रक बाहेर न्याले मनाई हाय." त्यांनी पिशवीतून शाळकरी पोरांची असते तशी वही काढली. "म्हणून याच्यात घेतली."

मनाईचा तो आदेश माझ्या अक्षरातला होता. आधीच्या वर्षी एका प्राध्यापकानं हजेरीपत्रक घरी नेलं आणि ते छताच्या गळतीखाली भिजलं, तेव्हा मी परिपत्रक काढलं होतं की हजेरीपत्रक इमारतीबाहेर जाणार नाही. नर्सबाईंनी ते अक्षरशः पाळलं. दुसरं कोणी असतं तर परत आल्यावर खोलीत बसून बारा रकाने भरले असते आणि मला कळलंही नसतं.

वहीत बारा पानं होती. प्रत्येक पानावर तारीख, काय शिकवलं ते एका ओळीत, खाली सह्या. मी बेरीज केली, एक्याऐंशी. एकशे सतरात मिळवले तर एकशे अठ्ठ्याण्णव, भागिले तीस, सहा पूर्णांक सहा. प्राचार्य माझ्या पेन्सिलीकडे पाहत होते. ते म्हणाले, "तुम्ही ही वही प्रमाणित करत असाल तर माझी हरकत नाही. सचिव साहेब?"

"माही काहून राहीन?" सचिव म्हणाले.

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. मी पुन्हा पहिल्या पानापासून पाहू लागलो, आणि तिसऱ्या पानाशी थांबलो. सह्या सात नावांच्या होत्या, पण अक्षर एकच होतं. सगळ्याच पानांवर तेच. 'स'ची गाठ तीच, वेलांटी तशीच मागे ओढलेली. हजारो पावत्या तपासलेला माणूस मी. एका हातानं केलेल्या सात सह्या म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको होतं.

"या सह्या कोणी केल्या?"

"एकीनंच, सर. रोवून रोवून बायांची बोटं सोलून गेली होती. अंगठा न् ही दोन बोटं. पेन धरवत नोहता. जिचा हात चालत होता तिनं सगळ्यायची नावं लिवली." आणि मग त्यांनी ती कोण ते सांगितलं. ती चिठ्ठीवाली बाई.

"ती रोवायला नव्हती?"

"होती ना."

"बारा दिवस?"

"रोजच होती."

"मग सगळ्यांची बोटं सोलली आणि तिची नाही, हे कसं?"

"ते मले नाई सांगता येत, सर. मी सुट्टीत जाओ, रोवताना कधी पाह्यलं नाई. पण तिचा हात चांगला होता. मी बोटं पाह्यली हायेत."

ज्या एकीला प्रमाणपत्राची गरज, तिच्याच हातानं सगळ्यांची हजेरी, आणि त्याच हाताला काही झालेलं नाही. माझ्या दृष्टीनं हिशेब पुरा झाला होता. मी वही मिटून नर्सबाईंच्या पुढे सरकवली आणि म्हणालो की हे मी प्रमाणित करू शकत नाही.

"खोटं म्हणता का, सर?"

"सह्या ज्यांच्या त्यांनी केलेल्या नाहीत, एवढंच म्हणतो."

"पोट्टीची जागा जाईन," त्या म्हणाल्या. त्यांनी आवाज वाढवला नाही. "डॉक्टर कागद पाह्यल्याबिगर घेत नाई."

मी अहवालात सरासरी तीन पूर्णांक नऊ लिहिली. खाली एक ओळ लिहिली की सादर केलेली पूरक वही विश्वसनीय वाटत नाही. सचिवांनी सही केली. बाहेर पडताना नर्सबाई वही पिशवीत घालायला विसरल्या. शिपायानं ती माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि मी ती अहवालाबरोबर फाइलला लावली.

घरी जेवताना मी हे बायकोला सांगितलं. तिचं माहेर कारध्याचं. ती वाढता वाढता म्हणाली, "रोवण्यात आमच्या कारध्याची शाळाई रिकामीच राहाते. मंग शाळा बंद कराची का?"

"प्रश्न सह्यांचा आहे," मी म्हणालो.

"बाईले विचारलं का, जिनं सह्या केल्या तिले?"

विचारलं नव्हतं. तिला बोलवायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. माझे वडील पोस्टात होते. मी भंडारा शहरात वाढलो. धान मी पोत्यात आणि ताटात पाहिलं होतं. रोवणा रस्त्यानं सायकलवरून जाताना दिसायचा तेवढाच, पाण्यात वाकलेल्या पाठींची एक ओळ.

तीस सप्टेंबरला वर्ग बंद झाला. नर्सबाई मानधन घ्यायला आल्या आणि पावतीवर सही करून गेल्या. फी परत द्यायची ठरली, प्रवेशाचे पंधरा वजा करून पंचेचाळीस. ऑक्टोबरात सहा जणी एकेक करून येऊन घेऊन गेल्या. सातवी आली नाही. मी दोन वेळा निरोप धाडला. मार्चअखेर हिशेब बंद करताना देण्याच्या बाजूला पंचेचाळीस रुपयांची एक ओळ उरली. ती मला पुढच्या वर्षात ओढून न्यावी लागली, आणि कपाट उघडलं की ती मला खुपायची. मे महिन्यात तुमसरला कामानिमित्त गेलो होतो. त्या डॉक्टरांच्या दवाखान्यावरून गेलो. दारात कोणी दुसरीच मुलगी टोपली धूत होती.

जुलैच्या शेवटच्या रविवारी मी पंचेचाळीस रुपये आणि पावतीचा कागद खिशात घालून सायकलनं सानगडीकडे निघालो. तिच्या घरी कळलं की ती सचिवांच्या बांधीत रोवायला गेली आहे. धुऱ्याच्या टोकाला सायकल लावून मी उभा राहिलो. वीसेक बाया ओळीनं मागे मागे सरत रोवत होत्या. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं चिखलात जात होती आणि वर येत होती. ओळीच्या अगदी कडेला एक बाई इतरांपासून हातभर लांब होती.

मी एका म्हाताऱ्या बाईला नाव सांगितलं. तिनं कडेकडे हाक मारली, "ए डावरे, साहेब आले तुह्यासाठी. पोलिसात देतेत वाटते तुले."

ओळीत हसू झालं. म्हातारी मला म्हणाली, "तिले कडेलेच ठेवा लागते, साहेब. ते उलट्या हातानं रोवते. मधात घेतलं तं आमच्या कोपराले कोपर लागते."

तेव्हा मी नीट पाहिलं. पेंडी तिच्या उजव्या हातात होती. चिखलात जात होता तो डावा.

ती पाण्यातून चालत धुऱ्यावर आली. मी कोण ते तिला माहीत होतं. मी फीचं सांगितलं आणि पावतीचा कागद पुढे केला. तिनं दोन्ही हात बांधीच्या पाण्यात खळबळले आणि लुगड्याला पुसले. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पांढरी पडून सोलली होती, नखाच्या कडेनं लाल. उजवा हात पाण्यानं सुरकुतलेला, पण कातडी धड. त्या हातानं तिनं पेन घेतलं.

"लिहितेस उजव्या हातानं?" मी विचारलं.

"शायेत गुरुजी डाव्यावर छडी मारे. मंग लिवणं उजव्यानं शिकली." तिनं नाव लिहिलं. 'स'ची गाठ तीच, वेलांटी तशीच मागे ओढलेली. "रोवाले कोनी शिकवलं नाई, ते आपल्या हातानं."

मी कागदावर शाई वाळायची वाट पाहत उभा राहिलो.

"साहेब," ती म्हणाली, "त्या सह्या मीच करत होती. बाकीच्यायले पेन धरवत नोहता. बाईनं तुमाले सांगतलं नाई का?"

"सांगितलं होतं."

तिनं नोटा मोजल्या, घडी करून कमरेला खोचल्या आणि पुन्हा पाण्यात उतरून कडेला जाऊन वाकली.

सोमवारी मी प्राचार्यांना लेखी दिलं की अहवालातली शेवटची ओळ चुकीची आहे, वही खरी आहे, सरासरी सहा पूर्णांक सहा धरावी. त्यांनी कागदावर 'पाहिले, फाइल' असा शेरा मारला. सचिव भेटले तेव्हा म्हणाले, "आता कायले, प्रोफेसर? वर्ग तं गेला." नर्सबाई त्याआधीच भाच्याकडे बालाघाटला राहायला गेल्या होत्या. मी त्यांना पत्र लिहून चूक कबूल केली. उत्तर आलं नाही. पत्ता बरोबर होता की नाही, तेही मला ठाऊक नाही.

त्या वर्गापोटी अखेर दिलं ते असं. नर्सबाईंना जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचं मानधन पाचशे चाळीस रुपये. सहा विद्यार्थिनींना प्रत्येकी पंचेचाळीसप्रमाणे दोनशे सत्तर. सातवीला पंचेचाळीस, ३१ जुलै १९८३ रोजी, बांधीच्या धुऱ्यावर, तिच्या उजव्या हाताची सही घेऊन.