खोबरेल आणि त्रिशंकू

गच्चीवर जाताना मला आता जिन्यात दोनदा थांबावं लागतं. एकदा गुडघ्यासाठी आणि एकदा दुर्बिणीच्या माउंटसाठी. तो तान्ह्या मुलासारखा कडेवर असतो.

माउंट माझा नव्हे, मैत्रिणीचा. पनवेलच्या एकाच शाळेत ती शास्त्र शिकवायची आणि मी शिवण. राहायची इमारतही एकच. पृथ्वी फिरते, म्हणून कॅमेरा दोन-तीन मिनिटं उघडा ठेवला की ताऱ्यांच्या रेघा उमटतात. माउंट दुर्बिणीला ताऱ्यांच्या मागोमाग, त्यांच्याच संथ गतीने फिरवतो. जरा अडखळला की फोटो गेला. "तारे तिळासारखे आले पाहिजेत," ती म्हणायची, "तांदूळ नकोत."

बारा वर्षांपूर्वी ती कायमची मुलाकडे, इस्रायलला जायला निघाली. तिचे बाकीचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, नातलग आधीच गेले होते. जाण्यापूर्वी तिला एकच फोटो हवा होता, कर्नाळ्याच्या सुळक्यावर उभ्या त्रिशंकूचा, दक्षिणेकडच्या त्या क्रूसासारख्या चार ताऱ्यांचा. "तिथे तो धड क्षितिजाच्या वर येतच नाही गं." जानेवारीत तो पहाटे पाचला दक्षिणेला नीट उभा राहतो. हाताशी दोनच पहाटा होत्या.

आता माझा शहाणपणा ऐका. आदल्या संध्याकाळी माउंट कुरकुरत होता. शाळेतली सगळी शिवणयंत्रं खोलून जोडणारी मी, हे यंत्र काय वेगळं? मशीनचं तेल संपलेलं. तिला न विचारता झाकण काढलं आणि दातेरी चाकांवर सढळ हाताने खोबरेल ओतलं. थंडीत खोबरेल थिजतं हे या बाईला ठाऊक नव्हतं म्हणता? रोज सकाळी बाटली उन्हात ठेवणारी हीच बाई!

पहाटे माउंट चाले, अडे, मग हिसका देऊन पुढे जाई. फोटो आला. तीळ नाहीत, तांदूळ नाहीत, चक्क शेवया.

तिने चाकाला बोट लावून वास घेतला. "अगं, याला न्हाऊ घालायचं होतं का?"

"थंडी पडलीय. म्हटलं, केस कोरडे पडतील."

उजाडेपर्यंत आम्ही जिन्यात बसून हसलो. खरं सांगते, मला आतून बरंच वाटलं होतं. फोटो झाला नाही म्हणजे ती जायची थांबेल. एवढी माझी अक्कल! दुसऱ्या पहाटे दाट धुकं आणि संध्याकाळी दारात टॅक्सी. माउंट माझ्या हातात देत ती म्हणाली, "आता तूच काढ आणि पाठव."

रॉकेलने चाकं धुतली, ग्रीस भरलं. माउंटचा कणा ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. आमचा ध्रुव समोरच्या इमारतीच्या टाकीआड. मग एकेक तारा कुठे सरकतो ते बघत, केसभर स्क्रू फिरवत शिकले. दर शुक्रवारी, त्यांच्या पवित्र वाराचे, शब्बाथचे दिवे लावण्याआधी, तिचा फोन येतो.

"झाला का गं?"

"नाही. तांदूळ."

मग अर्धा तास कुठला स्क्रू, वारा होता का, बाजारात बोंबील आलेत का, शाळेतलं कोण गेलं. बाकीचे सहा दिवस माझ्या फोनवर कंपन्यांखेरीज कुणी बोलत नाही.

फोटो तीन वर्षांपूर्वीच झालाय. तीन मिनिटांचा. तारे अगदी तीळ. "बघ!" म्हणत मी शेजारी वळले, तर शेजारी पाण्याचा पाइप. तो फोटो लॅपटॉपमध्ये आहे. पाठवला, तर शुक्रवारी ती विचारणार काय?

यंदा दक्षिणेला टॉवर उठला. आधी सुळका गेला, मग त्रिशंकू. तरी मी थंडीत माउंट घेऊन वर जाते, थोडी कुडकुडते आणि खाली येते. म्हणजे खोटं बोलताना आवाज खरा येतो.

गेल्या शुक्रवारी ती म्हणाली, "तुमच्या गच्चीच्या दक्षिणेला मोठा टॉवर झालाय म्हणे. मुलाने नकाशात दाखवला."

मी बोंबिलांचा भाव सांगू लागले.

"मग? अजून तांदूळच?"

"तांदूळच."

मग ती म्हणाली, "थोडं खोबरेल घालून बघ. मला घाई नाही."