आरेच्या पाड्यावरच्या बंद मुठी

आरेत एक दिवस काढायचा तर काय बघावं, असं दोघीतिघींनी विचारलंय. झाडी बघा, गरम भजी मिळाली तर खा आणि उजेड आहे तोवर परत या. मी पहिल्यांदा गेले ती मात्र सहल नव्हती. ऐंशीच्या दशकातला थंडीतला शनिवार. मी आरोग्य संशोधन करणाऱ्या एका छोट्या संस्थेत नोकरीला होते, वय सव्वीस, तोंड आत्ताइतकंच फटकळ.

आमच्या साहेबांनी आदिवासी पाड्यांवरच्या तीन वर्षांच्या अभ्यासासाठी फंडिंग मागितलं होतं. बायकांच्या अंगात रक्त कमी का, बाळंतपणं का बिघडतात, हे शोधायचं आणि दर आठवड्याला डॉक्टर तिथे न्यायचा. पैसे देणाऱ्यांची अट एकच होती. पाड्यानं स्वतः हो म्हणायला हवं आणि कामात त्यांची माणसं बरोबरीनं हवीत. संमतीचा कागद सोमवारी द्यायचा होता, आणि पाड्यावर तेव्हा चारजणी पोटुशा होत्या. तिकडून निरोप आला, "मागे नेलेल्या रक्ताचं काय झालं ते सांगायला या, मग बोलू."

मागे म्हणजे दोन वर्षांपूर्वी, आमच्याच संस्थेनं बोटं टोचून नेलेलं. मी शोधाशोध केली तेव्हा वही कपाटात जुन्या कॅलेंडरांखाली सापडली. एकतीस नावं, प्रत्येकापुढे तपासणीचा निकाल, आणि कळवलं कुणालाच नव्हतं. मला लाज वाटली, आणि खरं सांगते, साहेबांचा रागही आला.

बोरीवलीहून हायवेनं बस धरली, गोरेगावला उतरून पूर्वेहून आरेची दुसरी. बरोबर आमच्या लॅबमधले सावंत, मालवणचे, पन्नाशीचे, भारी भित्रे. स्टेशनबाहेर आम्ही उसळ-पाव खाऊन घेतला, कारण आत दुधाच्या स्टॉलशिवाय काही मिळायचं नाही. बसमध्ये वही चाळताना एका नावावर मी थांबले. 'लाडकी. रक्त फार कमी. ताबडतोब दवाखान्यात न्यावं.' सावंतांनी वाकून बघितलं. मग म्हणाले, "गोठ्यावरचो माणूस सांगी होतो. ही त्या बारकीआजीची सून. त्याच पावसात गेली, बाळंतपणात. बाळ पण गेला."

बारकीआजी म्हणजे पाड्यात जिचा शब्द चालतो ती. कागदावर अंगठा तिचाच हवा होता.

"ता नाव वाचू नको गो," सावंत म्हणाले. "पैसे जातले."

मी मनात हो म्हटलं. त्या चौघींसाठीच, अशी स्वतःची समजूतही घातली.

गोठ्यांच्या शेवटच्या स्टॉपवर उतरलो. पुढे अर्धा तास पायवाट. चपला घालून जाऊ नका, मी गेले आणि वाट लागली. दहा वाजून गेले तरी धुकं उठलेलं नव्हतं. म्हशींचे आवाज मागे पडले आणि मग कसलाच आवाज येईना. पाड्यात शिरलो तर दारं उघडी, चुली पेटलेल्या, एका चुलीवर भात रटरटत होता. माणूस एकही नाही. एक कुत्रं आमच्याकडे बघत बसलं होतं, भुंकलं नाही.

"हंयसर कोण दिसणा नाय गो," सावंत कुजबुजले. "चल परत."

मलाही परतच जायचं होतं. पण झोपड्यांच्या मागे मोठं झाड दिसलं आणि झाडाखाली सगळा पाडा उभा. वाघदेवाच्या शेंदूर फासलेल्या दगडाभोवती, अगदी गप्प. जवळ गेल्यावर लक्षात आलं, प्रत्येकाची उजवी मूठ बंद होती. म्हाताऱ्यांची, बायांची, पोरांचीसुद्धा. हातात दगड असतील, असं मला वाटलं.

पुढे एक वाळकी म्हातारी बसली होती, शेजारी चारेक वर्षांची नात. हीच बारकीआजी. तिनं नाव विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. "वाच, बाय," एवढंच बोलली.

मी पहिलं नाव वाचलं, त्याचा निकाल सांगितला, काय खावं, कुठलं औषध घ्यावं ते सांगितलं. तो माणूस पुढे आला, मूठ उघडली आणि दगडासमोर एक चिंचोका ठेवला. दुसरं नाव, दुसरा चिंचोका. मागून कळलं, रक्त नेलं त्या दिवशी बोट टोचलेल्या प्रत्येकाला आजीनं एकेक चिंचोका दिला होता. उत्तर येईस्तोवर जपून ठेवायचा. दोन वर्षं त्यांनी घराघरांत चिंचोके सांभाळले होते आणि आम्ही वही कॅलेंडरांखाली टाकली होती.

लाडकीचं नाव आलं. माझं बोट त्यावरून घसरलं आणि मी खालचं नाव वाचलं.

शेवटी वही मिटली. "संपलं?" आजीनं विचारलं.

"हो."

तिनं स्वतःचा हात पुढे केला. मूठ बंदच. "मग ही कुणाची?"

सावंतांनी माझी ओढणी मागून ओढली. मी वही पुन्हा उघडली. ते पान काढलं. मोठ्यानं वाचलं, "लाडकी. रक्त फार कमी. ताबडतोब दवाखान्यात न्यावं."

नाव ऐकताच ती नात वळून जंगलातल्या वाटेकडे बघायला लागली. मग एकेक करत सगळेच तिकडे बघायला लागले. मीही बघितलं. धुक्यात वाटेवर कोणीच नव्हतं, पण तिकडे पाठ करायचं धाडस मला बराच वेळ झालं नाही.

"कधी लिवलं?" आजी म्हणाली.

"चैत्रात."

"श्रावणात गेली ती."

"आमच्याकडे लिहिलेलं होतं, आजी. कळवलं नाही ही आमची चूक. आणि आत्ता नाव गाळलं ती माझी. तुम्ही नाही म्हणाल, याची भीती वाटली." मला रडू फुटलं. कोणी समजूत घातली नाही, आणि घालायचं कारणही नव्हतं.

मग आजी बोलली. "आठ दिवसांत सांगायचं. ज्याचं रक्त त्याच्या दारात, तुझ्या साहेबाच्या आधी. वही लिवणारी आमची पोर असंल. कबूल?"

मी तिच्यासमोर कागदावर तसंच लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिनं डाव्या हाताचा अंगठा उठवला. मग उजवी मूठ माझ्या तळव्यावर उघडली. "हा तू ने. येशील तवा आधी हा दाखव, मग बोल."

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आईनं विचारलं, "हातात काय आहे गं?" तेव्हा कळलं, गोरेगावपासून मी मूठ उघडलीच नव्हती. तेव्हाही उघडली नाही.

फंडिंग आलं. मंजुरीच्या कागदावर आजीच्या 'साहेबाच्या आधी' या अटीवर साहेबांनी काट मारलेली होती. पाड्यात मात्र तिच्यावर कोणी काट मारली नव्हती, म्हणून आम्ही ती अट पाळली. सातवी शिकलेली एक मुलगी वही लिहायची आणि दर आठवड्याला आम्ही दारोदार जाऊन निकाल सांगायचो. त्या चौघी सुखरूप बाळंत झाल्या. दर खेपेला आजी आधी हात पसरायची. मी चिंचोका तिच्या तळव्यावर ठेवायची, ती बघून परत द्यायची, मग कामाला सुरुवात.

तिसऱ्या वर्षी, अभ्यास संपायच्या थोडं आधी आजी गेली. पुढच्या शनिवारी मी गेले आणि सवयीनं तिच्या दारात जाऊन मूठ पुढे केली. आतून तीच नात, लाडकीची पोर आली, आता सात वर्षांची. तिनं हात पसरला.