उलटा टांगलेला मासा

बिरादार सरांची आणि माझी पहिली ओळख एका मेलेल्या माशामुळे झाली. आमची शाळा भालकी तालुक्यात. समुद्र तिथून किती दूर, हेही आम्हांला ठाऊक नव्हते. गाणगापूरला आलेल्या कुणा कोकणी भक्ताने सरांना एक पेंढा भरलेला करवत मासा दिला होता. हातभर लांब, सोंडेच्या दोन्ही कडांना दात, कातडी खरखरीत. फळीवर घट्ट बसवलेला. सर त्याला शार्क म्हणून शिकवीत.

शार्कच्या कल्ल्यांच्या फटी बाजूला असतात, असे त्यांनीच शिकवले होते. मी उठून विचारले, "सर, ह्याच्या फटी बाजूला दिसंनात. कुठं हायत?"

सर माशावर वाकले. "व्हय की! उलटून बघू."

त्यांनी वर्गातच खिळे उपसले. तोंड पोटाकडे, पाचपाच फटीही पोटाकडेच. "फटी पोटाला, म्हंजे हा शार्क न्हाई, पाकट नावाच्या चपट्या माशाच्या जातीचा निघाला. मी इतकी वर्षं चूक शिकवायलोय," असे म्हणून त्यांनी फळा पुसला. त्या सुट्टीत जुन्या विद्यार्थ्यांना त्यांनी तसे कळवणारी कार्डेही धाडली.

पण तालुक्यातल्याच मेहकर गावी आमच्या घरी बातमी वेगळीच पोचली. मुलीने मास्तरांचे नाक कापले म्हणून अप्पांनी, माझ्या वडिलांनी, माझी शाळा बंद केली. मी दोन दिवस रडत होते. तिसऱ्या दिवशी सर तो मासा काखेत धरून दारात हजर!

"अप्पा, इतकी वर्षं मी ह्याचं पोट बघितलं न्हाई. पोरीनं दाखवलं. तिला शाळंतून काढू नका."

अप्पांनी मासा हातात घेऊन न्याहाळला. "उद्या येईल ती," एवढेच म्हणाले.

सर सांगत, या माशाच्या पिल्लाच्या करवतीवर जन्मताना मऊ वेष्टन असते, आईला इजा होऊ नये म्हणून. सरांची जीभही करवतच, हे त्यांचे सहकारी मान्य करतील. आम्हां मुलांशी बोलताना मात्र तिच्यावर वेष्टन असे.

निवृत्त होताना सरांनी तो मासा मला दिला. आता मीही चिंताकीच्या शाळेत शिकवते; तिथे माझ्या वर्गात तो पोट दिसेल असा टांगला आहे.

साठीनिमित्त सरांना समुद्र दाखवायचे आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवले आहे. करवत मासा आता क्वचितच दिसतो, असे कळले. तसे सांगितल्यावर सर म्हणाले, "जाळ्यात घावला तर आधी सोडायला सांगा, मग मला बोलवा."

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि त्या माशालाही. दोघांची जिवंत भेट अजून व्हायची आहे.