तुमच्या आजोबांचं न मोजलेलं मत

बाळांनो, तुमच्यातली थोरली यंदा पहिल्यांदा मत देणार आहे. परवा फोनवर ती म्हणाली, "आजी, तू आणि आजोबा तर एकमेकांना कॅन्सल करता. मग व्होट करताच कशाला?" मी तेव्हा नुसती हसले. पण प्रश्न चांगला होता, म्हणून नीट बसून लिहिते आहे. तिकडे तुमच्या बॉथेल गावात तुमचा बाबा वाचून दाखवेल.

आमचा न्यू जर्सीतला मतदारसंघ कुणा एका पक्षाचा नाही. काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, निवडणूक दर दोन वर्षांनी येते आणि जागा कधी यांच्याकडे जाते, कधी त्यांच्याकडे. ऑक्टोबरात टपालपेटी चकचकीत पत्रकांनी भरून वाहते. आजोबा त्यांच्या उमेदवाराची पत्रकं फ्रिजच्या डाव्या दारावर लावतात, मी माझ्या उमेदवाराची उजव्या. मतपत्रिका घरीच येतात. जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना बसून आम्ही त्या भरतो, पाकिटांवर सह्या करतो आणि एकाच गाडीतून नेऊन लायब्ररीजवळच्या पेटीत टाकतो.

मागच्या वेळी मतदान होऊन गेलं तरी निकाल लागेना, इतकी चुरस होती. एका सकाळी बेल वाजली. दारात कॉलेजमधली एक मराठी मुलगी होती, छातीवर आजोबांच्या उमेदवाराचा बिल्ला.

"काकू, काका आहेत का? त्यांचं बॅलट अडकलंय. सिग्नेचर मॅच नाही होत. उद्यापर्यंत फॉर्म दिला नाही तर ते मोजणारच नाहीत."

"अगं, माझं मत तुमच्या विरुद्ध गेलंय," मी म्हटलं.

"चालेल काकू, तुमचं ऑलरेडी मोजलंय. मला काका पाहिजेत."

आजोबा मागच्या अंगणात पानं गोळा करत होते. ते तिला दारातून दिसत नव्हते. बाहेर गेलेत म्हणावं, असं माझ्या मनात आलं खरं. मग मी मोठ्यांदा हाक मारली, "अहो, जरा आत या!"

घोटाळा काय झाला ते लगेच कळलं. मी कॉन्व्हेंटातली, माझी सही पहिल्यापासून इंग्रजी. आजोबांची खरी सही मराठीत. लग्नाच्या कागदावर, घराच्या कागदावर तीच आहे. त्या वर्षी लायसन्स नवं करताना मात्र खिडकीवर मागे रांग होती म्हणून त्यांनी घाईत इंग्रजी सही ठोकली, आणि निवडणूक ऑफिसात तीच जाऊन बसली. मत म्हणजे महत्त्वाचं काम, म्हणून पाकिटावर त्यांनी सावकाश मराठीत सही केली.

"म्हणजे माझी सही खोटी?" आजोबा तापले. "मी ती बदलणार नाही. राहू दे मत."

"खूश झालात ना काकू?" मुलगी मला हळूच म्हणाली.

पण मी खूश नव्हते. बरोबरीचा गडी मैदानात उतरलाच नाही, तर जिंकण्यात काय मजा? मी चष्मा लावून फॉर्म वाचला. "अहो, सही बदला असं कुठे म्हटलंय? पाकिटावरची सही माझीच आहे, एवढंच लिहून द्यायचंय. सोबत लायसन्सचा नंबर."

आजोबांनी फॉर्म स्वतः वाचला. मग बसले आणि खाली पुन्हा मराठीत सही केली.

"सो प्रिटी, काका!" मुलगी म्हणाली. आजोबांचा राग तिथेच उतरला.

टपालावर त्यांचा भरवसा नव्हता आणि हायवेवर ते आता गाडी चालवत नाहीत. त्यामुळे माझ्या विरुद्धचं मत मीच ड्राइव्ह करून ऑफिसात पोचवलं.

"कुणाला सांगू नकोस हं," वाटेत आजोबा म्हणाले.

"सगळ्यांना सांगणार."

खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म तपासला आणि आता मत मोजलं जाईल असं सांगितलं. येताना आम्ही आयसेलिनच्या देशी बाजारात थांबून वडापाव खाल्ला. पुढे थोड्या मतांनी त्यांचा उमेदवार निवडून आला. आमची दोघांची मतं नसती, तरी त्यात काही फरक पडला नसता. त्यांनी जिलबी आणली आणि ती मीही खाल्ली.

तर बाळा, एकमेकांना कॅन्सल करायचं म्हटलं तरी दोन्ही मतं आधी मोजली जावी लागतात. आम्ही अजूनही वेगवेगळ्या उमेदवारांना मत देतो, आणि दोघांचीही मतं मोजली जातात.