वरून ओतलेलं पाणी

वहिनींनी पाणी वरून ओतलं.

मी पलंगाशी उभी. हातात सिरिंजचं रिकामं नळकांडं, त्याला जोडलेली नळी आजींच्या नाकातून पोटात गेलेली. वहिनींच्या हातात स्टीलचा जग. "जरा खाली धर," त्या म्हणाल्या. मी खाली धरलं. त्यांनी जग छातीएवढा उचलला आणि धार सोडली. अर्धं पाणी नळीत गेलं, अर्धं माझ्या मनगटावर, आजींच्या उशीवर.

"सांडतंय वहिनी. जग द्या ना माझ्याकडे."

"नको. असंच बरंय. जग परत किचनमध्ये न्यायचाय."

आजी म्हणजे त्यांच्या सासूबाई. अर्धांगवायूनं उजवं अंग गेलेलं, गिळता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. त्यांचं हगणं-मुतणं मी काढत होते. त्यांना कुशीवर वळवत होते, पुसत होते, केस विंचरत होते. ते सगळं चालत होतं. मी धरलेल्या नळीतलं पाणी त्यांच्या पोटात गेलेलं चालत होतं. जगाला माझा हात लागलेला चालत नव्हता.

माझ्या गावात, परभणीकडं, आमच्या माणसांना असंच पाणी मिळायचं. विहिरीवरून, वरून, ओंजळीत. मी ते बघितलं नव्हतं, मायनं सांगितलेलं. बघायला मला बहरीनला यावं लागलं. जुफैरच्या उंच बिल्डिंगीत, एसी चालू असलेल्या खोलीत.

मी एएनएम. दीड वर्षाचा कोर्स. जिल्ह्याच्या दवाखान्यात शिकले, मग उपकेंद्रावर हंगामी लागले, कधी असायची नोकरी, कधी नसायची. नवऱ्यानं दुसरी केली. मुलगी मायकडं ठेवली आणि मुंबईच्या एजंटामार्फत इकडं आले. गुदैबियात एक खाजगी क्लिनिक होतं, तिथं. व्हिसावर लिहिलेलं, प्रॅक्टिकल नर्स.

इकडं आल्यावर कळलं की नर्समध्येही वरच्या आणि खालच्या असतात. तीन वर्षं शिकलेली ती स्टाफ नर्स. तिला इंजेक्शन, तिला ऑपरेशन, तिला डबल पगार. आम्ही प्रॅक्टिकल. आम्हाला ड्रेसिंग, अंग पुसणं, हगण्या-मुतण्याचं भांडं. वर चढायचं तर परत कॉलेज, नाहीतर वर्षानुवर्षांचा अनुभव आणि मग परीक्षा. जिला दर महिन्याला घरी पैसे पाठवायचेत तिनं कॉलेजात कधी जायचं? म्हणून आमच्यातल्या पुष्कळजणी होम ड्युटी घ्यायच्या. पेशंटच्या घरी दिवसभर. त्यात थोडं जास्त मिळायचं. मीपण घेतली.

पुण्याचं कुटुंब होतं. साहेब इंजिनियर. पहिल्या दिवशी मराठी ऐकून वहिनींनी माझे दोन्ही हात धरले. "सिस्टर, देवासारख्या आलात!" सकाळी पोहे, दुपारी चहा, त्यांच्याच टेबलावर. आजींची पेज मीच उकळायची, मीच मिक्सरला लावायची. परक्या मुलखात माहेर मिळाल्यासारखं वाटलं मला. खोटं कशाला सांगू.

मग गणपती जवळ आले. वहिनींनी सहज विचारलं, "तुमच्याकडे किती दिवसांचा असतो हो?"

"आमच्याकडं नसतो. आम्ही बौद्ध."

"अच्छा अच्छा," म्हणाल्या. हसल्याही. दुसऱ्या दिवशी किचनच्या दारात एक पाट आडवा टाकलेला होता, त्यावर माझा चहा. कागदाच्या कपात. "सिस्टर"चं "बाई" झालं. गणपती आले, गेले, पाट तिथंच राहिला. मग "बाई"चं "तू" झालं. पेज त्या स्वतः करून द्यायला लागल्या. आणि पाणी वरून.

मी गप्प बसले. तोंड उघडलं असतं तर क्लिनिकनं व्हिसा कॅन्सल केला असता. पासपोर्ट क्लिनिकच्या डॉक्टरांच्या कपाटात. मुलगी शाळेत. मायच्या डोळ्यात मोतीबिंदू. मी रोज मनगट पुसायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. गुदैबियाच्या खोलीवर परतताना टॅक्सीत रडायचे. ड्रायव्हर पाकिस्तानी होता, तो रेडिओ मोठा करायचा. माझी लाज राखायला करत असावा.

एका शुक्रवारी साहेबांनी मला हॉलमध्ये बोलावलं. सोफ्यावर बस म्हणाले नाहीत. वहिनी शेजारी.

"डॉक्टरांशी बोलणं झालंय माझं," साहेब म्हणाले. "तुमचा व्हिसा आम्ही आमच्याकडे घेतो. क्लिनिकचं मधलं कमिशन जाईल, तुम्हाला पगार जास्त मिळेल. राहायला इथंच."

"नर्सचाच व्हिसा ना साहेब?"

"घरकामाचा. खाजगी घराला नर्सचा व्हिसा काढता येत नाही. पण ते कागदावरच हो."

वहिनी म्हणाल्या, "आईंचं करायचं, आणि वेळ उरतोच तर बाथरूम, फरशी, कपडे. किचन सोडून घरातलं सगळं."

मी फरशीकडं बघत राहिले. त्यांना वाटलं मला नीट समजलं नाही. मग वहिनींनी समजावून सांगितलं.

"अगं, शेवटी काम तेच आहे. घाण काढायचं. नर्स म्हटलं काय आणि अजून काही म्हटलं काय. तुमच्या लोकांना सवय असते त्याची."

साहेबांनी टीव्हीकडं बघितलं.

खोलीवर माझ्यासोबत लीलाम्मा राहायची. केरळची, सलमानियाच्या मोठ्या दवाखान्यात स्टाफ नर्स. तिला सांगितलं. तिनं हातातला भात बाजूला ठेवला. "वीजा मत बदलना," म्हणाली. "लायसन गया, एक्सपीरियन्स गया. फिर तुम किदर भी नर्स नहीं. खलास."

मला ते कळत होतं. तरी मी "हो" म्हणायच्या बेतात होते. हे सांगितलंच पाहिजे. जास्तीचा पगार डोळ्यापुढून हलंना. मायचा डोळा, मुलीची शाळा, भिंत खचलेलं घर. माणूस बुडत असला की समोर आलेला दोर कुणी टाकला ते बघत नाही. मी साहेबांना सांगितलं, विचार करते. खरं तर विचार झाला होता.

मग मायला फोन लावला. गावातल्या एसटीडी बूथवर निरोप देऊन तिला बोलावून घेतलं. तिला बाकीचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, काम बदलायलंय, पगार वाढंल.

माय म्हणाली, "नर्सच हाईस ना गं बाई?"

"का गं?"

"नाही, तुझी आजी सुईणपण करायची. पाटलाचे चार लेकरं तिच्या हातानं झाले. नाळ तिनं कापायची. पोर रडलं की हिला बाहेर काढायचे अन् घर गोमूत्रानं शिंपायचे. जवारी पदरात वरून टाकायचे. तुला नर्सचा पांढरा ड्रेस घातलेला बघितलं तव्हा मला वाटलं, सुटलो आता. म्हणून इचारलं."

लाईन कटली. मी इकडं बहरीनच्या बूथमध्ये रिसीव्हर धरून उभीच. बाहेर रांगेतले लोक काच ठोकायला लागले, यल्ला, यल्ला, आटपा लवकर.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजींच्या जेवणाची वेळ झाली. वहिनी पेज आणि जग घेऊन आल्या. जग उचलला. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. त्यांच्या हातातून जग घेतला. घेतला म्हणजे ओढलाच.

"अगं ए!"

मी पाट ओलांडून किचनमध्ये गेले. जग धुतला, पाणी गरम केलं, कोमट केलं. मागून वहिनी ओरडत होत्या, "बाहेर हो! आधी बाहेर हो!" मी परत खोलीत आले. नळी तपासली. आजींना उठवून बसवलं, पेज दिली, पाणी दिलं. सावकाश. एक थेंब सांडला नाही. पेशंट उपाशी ठेवायचा नसतो. आजींनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. घट्ट. थांबवत होत्या की आणखी मागत होत्या, मला कळलं नाही. आजही माहीत नाही.

साहेब ऑफिसातून धावत आले. मी बॅग भरून उभी.

"मी सही करणार नाही साहेब. घरकामाला नाही येणार."

"क्लिनिक तुम्हाला परत पाठवेल. कळतंय का?"

"कळतंय."

"खायचे वांधे होतील."

"व्हतील."

तसंच झालं. डॉक्टरांनी आठवड्याभरात तिकीट हातात दिलं. अनुभवाचा दाखला दिला नाही. पेशंटच्या घरी दंगा केला म्हणाले. लीलाम्मानं एअरपोर्टवर माझ्या हातात केळ्याचे वेफर्स कोंबले आणि मागं न बघता निघून गेली.

गावी आले. मुलगी मायच्या मागं लपली. वरच्या कोर्सला वय बसंना. सरकारी भरती बंद. मायचा डोळा राहिला तो राहिलाच. एक एक दिवस असा जायचा की चुलीपुढं बसून वाटायचं, म्हटलं असतं "हो" तर काय बिघडलं असतं? दोन घास तरी गेले असते सगळ्यांच्या पोटात.

मग परभणीत दवाखाने हिंडायला लागले. एका खाजगी दवाखान्यात डॉक्टरांनी माझं सर्टिफिकेट उलटून-पालटून बघितलं.

"काम नर्सचं करा. आया म्हणून लावून घेतो. नर्सचा पगार परवडत नाही."

मी सर्टिफिकेट मागून घेतलं.

"गरज नाही का तुम्हाला?"

"आहे. लई आहे. नर्स म्हणून लावा, उद्यापासून येते. आया म्हणून येणार नाही."

ते हसले. मी बाहेर आले. ऊन मरणाचं होतं, सकाळपासून पोटात काही नव्हतं. त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दवाखान्यांच्या पाट्या होत्या. मी पलीकडच्या पाटीकडं चालू लागले. तिथंही तेच म्हणतील तर तिच्या पुढच्या पाटीकडं. त्यांचे दवाखाने संपतील. माझं विचारणं संपणार नाही.