काकांचा हरणारा संघ

बेल वाजली की डॉक्टरकाका दार उघडायचे आणि उंबरठ्यातच गुडघे वाकवून, एक मूठ पायपुसण्यावर टेकवून बसायचे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन यार्डायार्डाने पुढे घुसायचं असतं; तिथले धिप्पाड गडी समोरच्याला अडवायला बसतात, तसे. काका जेमतेम काकूंच्या कानापर्यंत. "ये, घुस! बघू किती यार्ड मिळतात तुला!"

आतून काकू ओरडायच्या, "अहो, कंबर धरेल! आत येऊ द्या त्या पोरीला."

मी तेव्हा इंग्लंडातल्या आमच्या लेस्टरभर पत्रकं वाटत हिंडायचे. हॉस्पिटलचा वॉर्ड बंद होतोय, काढ पत्रक. बसभाडं वाढलं, काढ पत्रक. काका सही करायचे, पण आधी त्यांच्या लाडक्या फुटबॉल-संघाचा इतिहास ऐकून घ्यावा लागे. तुमच्याही ओळखीत असेल असा कुणी, ज्याला टाळायला आपण रस्ता ओलांडतो आणि पुढे त्याच रस्त्यावर त्याला शोधत राहतो.

तरुणपणी काका अमेरिकेत, मोठ्या तळ्याकाठच्या एका कारखान्यांच्या शहरात, हाडांची डॉक्टरकी शिकायला होते. पहिल्याच हिवाळ्यात प्लास्टरमधला एक पेशंट त्यांना स्टेडियमवर घेऊन गेला. स्वतःची नारिंगी टोपी त्याने काकांच्या डोक्यावर घातली. संघ हरला. शेजारचा अनोळखी माणूस काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

"अगं, तू कुठला, हे कुणी विचारलंच नाही. सगळे मिळून हरलो."

इंग्लंडमध्ये मात्र जन्मभर विचारलं गेलं. काकांच्या हाताखाली शिकलेली गोरी पोरं कन्सल्टंट, म्हणजे हॉस्पिटलातले सर्वांत वरचे डॉक्टर, झाली, काका होते तिथेच राहिले. हे मी स्पष्ट लिहिते, कारण ते स्वतः कधी बोलले नाहीत.

काकू त्याच काळात तिथून दोन-अडीच तासांवरच्या पोलादाच्या शहरात नर्स होत्या. त्या शहराचा संघ म्हणजे काकांच्या संघाचा पिढीजात वैरी. लग्न झालं, दोघं इंग्लंडला आले, पण कुणी पक्ष बदलला नाही. ऐंशीच्या दशकात हा खेळ इथल्या टीव्हीवर दिसायला लागला आणि घरात रणांगण झालं. वर्षातून दोनदा हे संघ भिडायचे. ज्याचा संघ हरेल त्याने पिठलं-भात करायचा आणि जिंकणाऱ्याला वाढायचा, हा नियम. काकांच्या हातचं पिठलं अप्रतिम असायचं. यावरून काय ते समजा.

"मीठ बरोब्बर पडलंय हो. सवय झाली हाताला," काकू खिजवायच्या.

"पुढच्या वर्षी बघा," काका म्हणायचे. दर वर्षी.

मग नव्वदच्या दशकात मालकाने काकांचा अख्खा संघ उचलून दुसऱ्या शहरात नेला. तिथे नवं स्टेडियम आयतं मिळणार होतं. पिढ्यान्‌पिढ्या थंडीत कुडकुडत ओरडणाऱ्या माणसांना कुणी विचारलंसुद्धा नाही. मी भडकले. त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं: 'संघ कोणाच्या बापाचा?' काकांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"झकास लिहिलंयस. पण मालकाला मराठी येत नाही गं."

मग घडी घालत म्हणाले, "नाव, रंग आणि इतिहास गावाकडेच राहणार म्हणे. खेळाडू तेवढे गेले. काही वर्षांनी नवा संघ देणार आहेत."

"तोवर दुसरा कुठला तरी धरा ना, काका."

"कशाला? मी थांबतो. तो एकदा मैदानात उतरलेला बघायचाय, बस."

आणि थांबले. रविवारी काकूंचा संघ खेळायचा तेव्हा शेजारी बसून राहायचे. काकू जिंकल्या तरी आरडाओरडा नाही. "ओरडू कुणावर?" त्या मला म्हणाल्या. पिठलं बंद झालं. काकांचं हृदय थकत चाललं होतं. तपासून झालं की ते डॉक्टरलाच विचारायचे, "नव्या सीझनपर्यंत काढेन ना मी?"

नवा संघ उतरायच्या आधीच्या वसंतात काका गेले. याच्याविरुद्ध पत्रक काढायचं तर ते कुणाच्या नावाने?

आणि पहिलाच सामना लागला तो काकूंच्या संघाशी. काकूंनी तो टेप केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावून घेतलं. सुरुवातीपासून धुलाई. नव्या पोरांना चेंडू घेऊन धड पुढे सरकता येईना. काकूंच्या संघाचे गुण चढत चालले, इकडे भोपळा फुटेना. काकूंनी एकदाही टाळी वाजवली नाही.

शेवटी त्या उठल्या, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि ज्यांच्यासाठी जन्मभर नवऱ्याशी भांडल्या त्या आपल्याच गड्यांना म्हणाल्या, "पुरे रे आता. एक तरी करू द्या त्यांना."